सायलेन्सरमध्ये कॉस्टिक सोडा ओतण्याआधी

पावसाळा सरत आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तळमजल्यावरच्या काकांनी टाकला. मथळा होता, "स्कूटरच्या सायलेन्सरवर हजारो रुपये घालवू नका!" आणि खाली चार गोष्टी. सायलेन्सरमधून पाणी ठिबकलं तर तो संपला समजा. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवा, मायलेज दहाने वाढेल. भोक पडलं तर एम-सील लावा. एवढ्यानेही भागलं नाही तर आतली 'जाळी' काढून टाका, गाडी मोकळी पळेल.

पैसे वाचवायला माझी ना नाही. माझी स्वतःची स्कूटर दहा वर्षांची आहे. पण या चारांत पैसे वाचवणारं एकही काम नाही, आणि दोन तर चांगलीच महागात पडणारी आहेत.

पाण्याचं आधी मिटवू. पेट्रोल जळताना वाफ तयार होतेच. लिटरभर पेट्रोलमागे जवळपास लिटरभर पाणी. सकाळी सायलेन्सर गार असतो, वाफेचं पाणी होतं आणि टोकातून ठिबकतं. काही सायलेन्सरांना तळाशी कंपनीनेच बारीक भोक ठेवलेलं असतं, ते याचसाठी. (ते 'लीक' समजून वेल्डिंगने बुजवून घेतलेली एक गाडी मी पाहिली आहे.) खरा त्रास पाणी बाहेर न पडल्याने होतो. घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढंच चालवलं तर सायलेन्सर नीट तापत नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो.

कॉस्टिक सोड्याचा सल्ला हवेतून आलेला नाही. टू-स्ट्रोक चेतकच्या जमान्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असायचं. ते अर्धवट जळून सायलेन्सरमध्ये चिकट काजळी धरायची आणि गाडी ओढेनाशी व्हायची. तेव्हा सायलेन्सर जाळून किंवा सोड्याने साफ करून घेत, आणि गाडी खरंच सुधारायची. आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये तसं ऑइल जळतच नाही. जळत असेल तर निळा धूर दिसेल, आणि तो आजार इंजिनाच्या आतल्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा असतो. सायलेन्सर कितीही धुतला तरी तो बरा होणार नाही. वर आजच्या सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सोड्याचं पाणी त्याच्या आतल्या लेपाचीच वाट लावतं.

मेसेजमधली 'जाळी' म्हणजे हाच कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी त्याची घरं असतात आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल तिथे निरुपद्रवी होतं. भंगारवाला जाळीचे पैसे मोजतो तो याच धातूंसाठी, म्हणून "काढून टाका, साहेब" असं कोणी फारच आग्रहाने सांगत असेल तर जाळी शेवटी कुणाच्या खिशात जाते ते विचारा. पिकअपचं म्हणाल तर आवाज वाढतो आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं, इतकंच. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांचं पेट्रोल इंजेक्शन धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर चालतं. जाळीवाला सायलेन्सर काढून बसवलेल्या लोकल पाईपचा त्याच्याशी मेळ बसेलच असं नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आहे. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तीन महिन्यांसाठी लायसन्स जातं ते वेगळंच. यात बचत कुठे आली?

एम-सील नळासाठी उत्तम. इंजिनाजवळच्या पाईपवर ते करपून, तडकून गळून पडतं.

आता स्वस्तातलं काम. आधी गळतंय कुठे ते शोधा. गाडी गार असताना, उघड्यावर चालू करा आणि ओल्या फडक्याने सायलेन्सरचं टोक दोन-तीन सेकंद दाबा. जिथून फुसफुस ऐकू येईल आणि काजळीचा काळा डाग दिसेल, तिथे गळती. पुष्कळदा ती निघते इंजिनाच्या हेडपाशी, जिथे सायलेन्सरचा वाकडा पाईप (बेंड पाईप) दोन नटांवर बसतो. तिथली गॅस्केट, म्हणजे जोड बंद करणारी चकती, थोडक्या रुपयांची वस्तू आहे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जबरदस्तीने पान्याला लोंबकळलात आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेवाला दांडा) हेडमध्येच तुटला तर खर्च दसपट. सायलेन्सर उतरवला की गॅस्केट नवीनच घाला. बसवताना सगळे नट-बोल्ट आधी हाताने लावा, मग हेडचे नट आवळा आणि सायलेन्सर धरणाऱ्या ब्रॅकेटचे शेवटी. उलटं केलंत तर पाईप ताणात राहतो आणि पुन्हा गळतो.

पत्र्याला भोक असेल तर सायलेन्सर उतरवूनच वेल्डरकडे न्या. पत्रा पातळ असतो, आर्क वेल्डिंगने भोक मोठंच होतं. गॅस वेल्डिंगने तुकडा लावून घ्या. मला मागच्या वर्षी दीडशे रुपये पडले. वरून उष्णता सोसणारा रंग मारा, साधा रंग आठवड्यात जळतो. मात्र स्क्रू-ड्रायव्हरने ठोकल्यावर तळ आत जात असेल, किंवा हलवल्यावर आत काही खडखडत असेल, तर ठिगळाला अर्थ नाही. तेव्हा नवा घ्या, नाहीतर पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात तुमच्याच मॉडेलचा जुना ओरिजिनल शोधा. तोही ठोकून आणि हलवून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

काकांची गाडी रविवारी आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये बघितली. हेडपाशी फुसफुस, एक नट तर हातानेच फिरत होता. गॅस्केट बदलली, काम झालं. सोडा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. तो काकूंनी मोरीसाठी घेतला.