टाय सोडणं कोणाला परवडतं

मागच्या रविवारी इथं इंग्लंडात हॉस्पिटलची नाइट ड्यूटी संपवून नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात अंबाजोगाईहून धाकट्या भावाचा फोन. त्याची लेक नववीत आहे आणि तो तिच्या इंग्रजी शाळेच्या पालक समितीवर. ‘‘दादा, टायवरून लई तापलंय इथं. दोन पार्ट्या पडल्यात. तू तिथं राहायलास, तूच सांग, इंग्रज तरी घालायलेत का आता टाय?’’

वाद गणवेशातल्या टायचा. भाऊ तो काढून टाकणाऱ्यांच्या बाजूचा. त्याच्या पार्टीचं म्हणणं असं की ही गुलामीची खूण आहे; दिल्लीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये एम्ससारख्या संस्थांना पदवीदानाचा काळा झगा सोडून भारतीय पोशाख ठरवायला सांगितलं, त्याच वर्षी नौदलाच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालू झाला, मग आपल्या तालुक्याच्या शाळेनं मागं कामून राहायचं? शिवाय ऊन. एप्रिलात शाळा सकाळची केली तरी सुटताना पोरं भाजून निघतात. आणि टाय घ्यायचा तो शाळेनं ठरवलेल्या एकाच दुकानातून, दुकानदार सांगेल त्या भावाला. माझ्या मते या शेवटच्या मुद्द्यावर बैठक खरी रंगायला हवी होती. पण दुकानाचं नाव निघालं की सगळे घसा खाकरतात, अन् गुलामीचं नाव निघालं की सगळे उभे राहतात.

गुलामीचा मुद्दा पुण्या-मुंबईहून तयार आलेला आहे. मराठवाड्यात तो मापात बसत नाही. आमच्यावर गोऱ्या साहेबाचं थेट राज्य कधी नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाची रयत. आमच्या आजोबांनी ज्या साहेबापुढं हात जोडले, तो टायमध्ये नव्हता, शेरवानीत होता. कपड्यानंच गुलामी मोजायची तर आधी शेरवानी मोजावी लागेल. अन् ती तर आपण हौसेनं नवरदेवाला घालतो, वर फेटा बांधतो आणि घोड्यावर बसवतो. टाय मुळात इंग्रजांचाही नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूनं लढायला आलेल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यात रुमाल असायचा. फ्रेंचांनी तो उचलला आणि त्यांच्याच नावावरून त्याला ‘क्राव्हात’ म्हणू लागले. भाड्यानं लढणाऱ्या शिपायांचा गळपट्टा राजवाड्यात गेला, तिथून लंडनच्या कचेऱ्यांत आणि तिथून आमच्या गुरुवार पेठेतल्या गणवेशाच्या दुकानात.

मी टाय बांधायला शिकलो तो शाळेत नाही. आमच्या वेळी झेडपीच्या शाळेत पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, संपलं. शिकलो अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करताना, ओपीडीच्या व्हरांड्यात, औषध कंपनीच्या एका एमआरकडून. मे महिना, पारा बेचाळीसच्या पुढं. सगळे डॉक्टर शर्टाची दोन बटणं उघडी टाकून बसलेले आणि हा गडी पूर्ण बाह्यांच्या शर्टात, टाय घट्ट, हातात ती जड काळी बॅग, कॉलरच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. मोटारसायकलवर बसला की टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचायचा, उतरला की बाहेर काढून तळहातानं सारखं करायचा. मी इंग्लंडला मुलाखतीला निघालोय म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या गळ्यातला टाय काढून माझ्या गळ्यात घातला. ‘‘रुंद टोक लांब ठेवा डॉक्टर. अरुंदावरून फिरवा, मागून न्या, पुन्हा पुढं, आता खालून वर काढा, अन् ह्या वळशातून खाली सोडा. टोक बकलाला टेकलं पाहिजे.’’ सहाव्या खेपेला जमलं. गाठ थोडी तिरकी आली म्हणून मी खट्टू झालो, तर म्हणाला, ‘‘तिरकीच पाहिजे. लई सरळ आली की रेडिमेड वाटते.’’ पुढं इथल्या एका जुन्या टायच्या दुकानात म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला अगदी हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

टायचं आकर्षण काय, असं कुणी विचारलं तर मला तो वळसा आठवतो. शर्ट अंग झाकतो, पॅन्ट अंग झाकते. टाय काहीच झाकत नाही, ऊब देत नाही, घाम पुसायलाही कामाचा नाही. म्हणूनच तो काहीतरी बोलतो. समोरच्या माणसाला भेटायच्या आधी मी आरशासमोर दोन मिनिटं उभा होतो, एवढंच. दिसतो साधी पट्टी, पण कापड उभ्या धाग्यात कापून चालत नाही. ते उरेब कापावं लागतं, पंचेचाळीस अंशांत, तीन तुकड्यांत. आत लोकरीचं अस्तर आणि मागून सैल धावदोरा. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या शिंप्यानं १९२० च्या दशकात ही कापणी बसवली आणि तेव्हापासून टाय गाठ सोडली की पुन्हा सरळ लोंबू लागला. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी स्वतःच्या पैशांनी कळलं होतं. इंग्लंडला यायच्या आधी औरंगाबादहून हिमरूचं कापड आणलं होतं, रेशीम-सुताचं, मोरपंखी, बारीक वेलबुट्टीचं. आपल्या मातीचा टाय लावून मुलाखतीला जायचं, अशी हौस. आमच्या शिंप्यानं तो उभा कापला. ‘‘उरेब कापलं तर लई वाया जातंय डॉक्टर, एवढं भारी कापड.’’ टाय घातला की दहा मिनिटांत पीळ पडायचा, वाळत टाकलेल्या नाडीसारखा. मुलाखत शेवटी एमआरच्या निळ्या पॉलिएस्टर टायवर झाली. हिमरूचा अजून कपाटात आहे.

तर इंग्रज टाय घालतात का? आम्ही डॉक्टर नाही घालत. मी २००६ मध्ये इथं आलो, तेव्हा वॉर्डात टायशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००७ मध्ये, सरकारी आरोग्य खात्याचा नियम आला: कोपराखाली हात उघडे, घड्याळ नको, आणि रुग्ण तपासताना टाय नको. शर्ट रोज धुतला जातो, टाय कुणी धूत नाही. तो एका पेशंटवरून दुसऱ्या पेशंटवर लोंबत जंतू फिरवू शकतो. एवढ्या साध्या कारणावरून शंभर वर्षांची सवय दोन-चार महिन्यांत गेली. कुणी गुलामी म्हटलं नाही, कुणी अस्मिता म्हटलं नाही. पुढं २०१७ मध्ये इथल्या संसदेच्या सभापतींनी खासदारांनाही टायची सक्ती नाही, असं सांगून टाकलं. उन्हाचं कारण तर जपानला आधीच पटलं होतं: २००५ पासून उन्हाळ्यात तिथल्या सरकारी कचेऱ्यांत टाय सैल, एसी अठ्ठावीस अंशांवर.

पण नीट पाहिलं तर टाय गेलेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली आहे. आमच्या हॉस्पिटलचे सगळ्यात मोठे साहेब उघड्या गळ्यानं येतात, कधी कधी स्वेटशर्टमध्ये. दाराशी उभा राहणारा सिक्युरिटी गार्ड मात्र रोज टायमध्ये. त्याचा टाय चिमट्याचा असतो, कारण कुणी झोंबलं आणि टाय ओढला तर तो हातात निघून यावा, गळा आवळू नये. आपल्याकडच्या पोरांचा इलॅस्टिकवाला टाय पाहिला की मला हा गार्डच आठवतो. गाठ दुसऱ्यानं मारलेली, आपण फक्त डोक्यातून घालायची. इथल्या सरकारी माध्यमिक शाळांत पोरंपोरी अजून टाय घालतात आणि पहिल्या आठवड्यातच गाठ गलेलठ्ठ करून टोक वीतभर ठेवतात. ती त्यांची बंडखोरी. ऊन वाढलं की शाळेची चिठ्ठी येते, आज टाय नको.

म्हणजे ज्याला कुणी अडवत नाही, त्यानं टाय सोडला. ज्याला अजून दारात उभं राहून ‘मी कामाचा माणूस आहे’ हे दाखवावं लागतं, त्यानं सोडलेला नाही. आपल्याकडंही पुढारी पांढऱ्या खादीत मोकळा आणि एमआर बेचाळीस डिग्रीत गळा आवळून.

भावानं फोन ठेवता ठेवता बैठकीतली एक गोष्ट सांगितली. त्याच्या लेखी ती किरकोळ होती. मागं बसलेला एक रिक्षावाला उठला म्हणे. ‘‘साहेब, तुमचं लेकरू बिगरटायचं आलं तरी डॉक्टराच्या घरचंच राहतंय. आमच्याचं तसं नाही. गळ्यात टाय आहे म्हणून दुकानदार त्याला ‘काय पाहिजे बाळा’ म्हणायलाय.’’ त्यावर सभेत कुणीच काही बोललं नाही.

त्यानंतर मला झोप लागली नाही. आमच्या गावातला पुतळा आठवत राहिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पेंटर शिडी लावायचा. कोटाला निळा रंग मोठ्या ब्रशनं सपासप, पण टायपाशी आला की थांबायचा, खिशातून बारीक ब्रश काढायचा आणि श्वास रोखून लाल रंग भरायचा. पांढऱ्या शर्टावर एक थेंब गेला तर खाली उभी असलेली पोरं ओरडायची. मराठवाड्यात टाय सगळ्यात जास्त कुणाच्या गळ्यात दिसतो, तर बाबासाहेबांच्या. तिथंच, औरंगाबादेत, त्यांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं. त्याआधी, १९२७ च्या डिसेंबरात, महाडला त्यांनी बायांना सांगितलं होतं की जातीची ओळख पटवणारं लुगड्याचं नेसणं आणि ते जड दागिने सोडा. कपडा कोण काय घालतो, यावर माणसाची पायरी ठरवणाऱ्या गावात त्यांचा सूट आणि टाय उभा आहे. त्या टायला गुलामीची खूण म्हणायची जीभ माझ्या भावाची होणार नाही. शाळेतल्या टायबद्दल मात्र बेधडक होते.

उलट बाजूही मला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या, खासदाराला टाय नव्हता म्हणून बाहेर काढलं. त्यानं गळ्यात आपल्या लोकांचा पारंपरिक दागिना घातला होता. टायला तो वसाहतीचा फास म्हणायचा. लगेच त्याच आठवड्यात सक्ती उठली. त्याचंही बरोबरच होतं. तिथं टाय बाहेरून लादलेला होता, आपल्याकडं तो काहींनी झुंजून मिळवलेला आहे. कापड तेच.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, मार्च ते जून टाय बंद करा, त्यात वादच नको. ठरावीक दुकानाची अट काढा आणि हे गुलामीच्या आधी बोला. इलॅस्टिक फेकून द्या. आठवीच्या खाली कुणालाच टाय नको, वर ज्याला हवा त्याला असू द्या, पण गाठ स्वतः मारायची. आणि पुढच्या बैठकीत त्या रिक्षावाल्याला पुढच्या रांगेत बसव. भाऊ म्हणाला, ‘‘तू तर दोन्ही पार्ट्यांना नाराज करायलास.’’ खरं आहे.

तेवढ्यात पुतणीनं फोन ओढून घेतला. ‘‘काका, खरी गाठ कशी मारतात? दाखवा.’’ मी उठून कपाटातला हिमरूचा टाय काढला, फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. तिनं बापाच्या लग्नातला काढला होता. मी सांगतोय डावीकडं, ती नेतेय उजवीकडं. तिला कळेना की माझा हात उजवा की डावा, मला कळेना की मी स्क्रीनमध्ये उलटा दिसतोय की सुलटा. शेवटी गाठ बसली, पण अरुंद टोक बेंबीपर्यंत आणि रुंद टोक छातीवरच. मागून भाऊ हसला. ‘‘हसू नका ना पप्पा,’’ ती म्हणाली, आणि गाठ सोडली.