पश्चात्तापाला जागा लागते

बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने सकाळी फिरायला जाऊ नये. गेलाच तर कानटोपी नाकापर्यंत ओढून जावं. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण तसं सांगितलं तर रिक्षावाला बुचकळ्यात पडतो) एखादी फेरी होते न होते तोच मागून हाक येते, "काका, एक मिनिट!" या एका मिनिटात जो व्यवहार निस्तरायचा असतो, तो बहुधा पाच-सात वर्षांपूर्वीच करून झालेला असतो.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात आणि छापल्या की त्या बाहेरगावी रवाना होतात. ही प्रथा आमच्याकडे घरोघरी पाळली जाते. त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे: लोक चुकीच्या गोष्टीबद्दल हळहळतात. किती पैसे गेले याचं दुःख कुणालाच नसतं, घेतलेली वस्तू किती जागा अडवते याचं असतं.

आमच्या कॉलनीतल्या इंजिनिअरसाहेबांचंच घ्या. पंचावन्न हजारांची ट्रेडमिल त्यांच्या गॅलरीत उभी आहे. तिच्या दांड्यावर टॉवेल वाळतात, पट्ट्यावर उन्हाळ्यात कुरडया. जाता-येता साहेबांची करंगळी तिच्यावर आपटते आणि दर आपटीला त्यांना पंचावन्न हजार आठवतात. "काका, फार मोठी चूक झाली हो!"

आणि त्याच घरात, कपाटात साड्यांच्या खाली, एका निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांची पॉलिसी झोपलेली आहे. मेहुण्याच्या साडूने दिलेली. वर्षाला पन्नास हजार, वीस वर्षं. शेवटी साधारण अठरा लाख मिळणार.

"दहा भरायचे, अठरा घ्यायचे. जवळजवळ दुप्पट!"

मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवर हिशेब करून दाखवला. हे वर्षाला साधारण सव्वापाच टक्के पडतात. तेच पन्नास हजार पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, मुदत वाढवून वीस वर्षं टाकले, तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी बावीस लाखांच्या वर जातात. आणि विमा केवढ्याचा? पाच लाखांचा. दोन मुलं, पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं कर्ज, आणि माणसाची किंमत पाच लाख!

"पण बुडत तर नाहीत ना?" साहेब म्हणाले आणि निश्चिंत झाले. फोल्डरला करंगळी आपटत नाही.

खरं तर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. पण त्या तीस दिवसांत पाकीट फोडून आतलं वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. नंतर मोडायला गेलं तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेलेसुद्धा सगळे हातात येत नाहीत. म्हणून मी सांगतो, चिडून मोडू नका. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून नुसती चालू ठेवली तर काय मिळतं ते लेखी मागा, मग ठरवा. लोक मान डोलावतात आणि साडूला वाईट वाटेल म्हणून पुढचा हप्ता भरतात.

सोन्याबद्दल मी बोलत नाही. सराफ बाजारात दागिना घेताना दिलेली घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी विकताना परत येत नाही, हा हिशेब मी घरी एकदाच मांडला होता. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

क्रेडिट कार्डाचं मात्र बोलायलाच हवं, कारण ते फोल्डरएवढीही जागा अडवत नाही. साहेबांच्या कार्डावर ऐंशी हजार थकलेले. बिलावर 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, चार हजार. ते दर महिन्याला न चुकता भरून साहेब स्वतःला वक्तशीर समजत होते. मी बाकावर पुन्हा हिशेब मांडला. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज अठ्ठावीसशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाचशे चार. चार हजारांतले तेहतीसशे चार तिथेच गेले. मुद्दल फिटलं सहाशे शहाण्णव रुपये. वर थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

"म्हणजे मी दर महिन्याला..." साहेबांचा चेहरा पडला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस मार्गाला लागला.

पुढच्या आठवड्यात ट्रॅकवर ते उड्या मारतच आले. ट्रेडमिल विकली होती! नऊ हजाराला. जिन्यावरून उतरवायचे हमालांनी पंधराशे घेतले, तरी गॅलरी मोकळी झाल्याच्या आनंदात साहेबांना ते जाणवलेही नाहीत.

"मग ते पैसे कार्डात भरले ना?"

"छे हो, सायकल घेतली. गिअरवाली. अडतीस हजारांची." २०१५ मध्ये महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली ती भयंकर सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशिकच्या प्रत्येक ढेरीला आपणही त्र्यंबकपर्यंत जाऊ असं वाटत असतं. "आणि व्याज शून्य! नो कॉस्ट ईएमआय."

शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज कुठेतरी असतंच. रोखीने मिळणारी सूट गेली की समजायचं, ते तिथे आहे. वर प्रोसेसिंग फी, आणि त्या व्याजावरचा जीएसटीही आपल्याच माथी. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी माझा हात धरला.

"ते राहू द्या, काका. मला एवढंच सांगा, हप्ता त्याच कार्डावर येणार आहे. मिनिमम भरला की चालेल ना?"