दहा हजारांची धडधड

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक पोरगा राहतो, त्याच्याकडे ती धडधड करणारी साडेतीनशे सीसीची गाडी आहे. रोज सकाळी पावणेनऊला तो ती चालू करतो आणि आमच्या किचनमधली चहाची गाळणी हुकावर हलायला लागते. बायकोचं डोकं उठतं. माझ्या मात्र छातीत काहीतरी हलतं. वय शेहेचाळीस, त्यामुळे आधी ईसीजी काढून घेतला. तो नॉर्मल आला. म्हणजे गाडीच घ्यायची असणार.

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. घरात गणपती बसलेला, दुपारी मोदक जरा जास्तच झालेले, आणि संध्याकाळच्या आरतीला कापूर नाही म्हणून मला खाली पिटाळलं. मी कापूर आणायला गेलो तो थेट शोरूमला पोचलो. आता मध्ये नक्की काय झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही, बायकोला तर अजिबातच सांगता आलं नाही. शोरूममधला पोरगा इतका गोड, की 'या सर, बसा सर, पाणी घ्या सर' असं एका मिनिटात सात वेळा सर. ऑफिसात वीस वर्षं झाली, एवढं सर मला कोणी केलेलं नाही. टेस्ट राइडची गाडी सर्व्हिसिंगला गेलीय म्हणाला, पण सर तुम्हाला टेस्ट राइडची काय गरज, तुम्ही तर रायडर वाटताच. मी कॉलेजात असताना काकांची राजदूत चालवायचो, तेवढंच माझं रायडिंग, पण ते त्याच्या लक्षात आलं म्हणजे पोरगा हुशार आहे असं मला वाटलं.

फोन काढला, क्यूआर कोड मारला, पिन टाकला. काउंटरवरचा तो छोटा डबा मोठ्याने बोलला, 'दहा हजार रुपये प्राप्त झाले.' सगळ्या शोरूमने वळून बघितलं. किती वेळ लागला असेल? चाळीस सेकंद. त्यातले तीस मी चष्मा शोधत होतो. पावती मिळाली, त्यावर माझं आडनाव चुकलेलं, आणि सोबत फ्री गिफ्ट म्हणून एक लोखंडी कीचेन, चांगलं जड, छोट्या चिमणीला लागलं तर ती मरेल एवढं. ते मी तिथेच जुन्या अॅक्टिव्हाच्या किल्लीला अडकवलं. घरी आलो, पावती होती, कापूर नव्हता.

पुढे आठवडाभर घरात जे झालं ते सोडून देतो. ३ सप्टेंबरच्या रात्री मात्र सरकार माझ्या बाजूने उभं राहिलं. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के, २२ तारखेपासून. म्हणजे आमच्या गाडीवर वीसेक हजार वाचणार. बायकोचा आवाज तेवढ्यापुरता खाली आला. 'बघा, देवाच्या मनात आहे वाटतं,' आई म्हणाली. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, डिलिव्हरी घ्यायची ठरली. मी हेल्मेटचे रंग बघायला लागलो.

मग १२ सप्टेंबरला टेस्ट राइडची गाडी सर्व्हिसिंगहून परत आली आणि पोरगा ती घेऊन आमच्या दारात.

आता काही आकडे सांगतो. गाडीचं वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर, माझी उंची पाच फूट तीन इंच. हे तिन्ही आकडे मला आधीपासून माहीत होते, फक्त मी ते कधी एकत्र ठेवून बघितले नव्हते. बसलो तर दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला लागले, बाकीचे पाय हवेत. एक चक्कर मारली, ती खरोखर छान झाली, खोटं कशाला बोलू. गल्लीच्या टोकापर्यंत मी वीस वर्षांचा होतो. घोळ झाला तो परत आल्यावर. आमच्या पार्किंगला उतार आहे. पुढचं चाक उतारात घालून मी भिंतीला नाक लावून थांबलो आणि आता गाडी मागे घ्यायची. अंगठ्यांनी. मी जोर लावतोय, गाडी हलत नाही, मी लावतोय, ती नाही. शेवटी एकदम जोर केला तर ती मागे न जाता डावीकडे गेली, हळूहळू, म्हैस बसते तशी. वॉचमन धावला, दूधवाला किटली टाकून धावला, आणि तिघांनी मिळून ती उभी केली तोपर्यंत अर्ध्या बिल्डिंगची गॅलरी भरलेली. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा वरून ओरडला, 'काका, गिअरमध्ये आहे!'

त्या रात्री कंबरेला शेक घेत मी निर्णय घेतला. बायको काही म्हणाली नाही. शेकाची पिशवी फक्त जरा जोरात दाबली.

दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबरला शनिवारी, शोरूमला गेलो. म्हणलं, पाच मिनिटांचं काम, जसे दिले तसे घ्यायचे. त्या गोड पोराला सांगितलं की कॅन्सल करायचंय. त्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. मग म्हणाला, 'पितृपक्षात कॅन्सल करताय काका?'

काका! म्हणजे सर होतो तो काका झालो. दहा हजारांचा फरक.

मी म्हणलं, अरे पितृपक्षात नवीन वस्तू घेत नाहीत, नको असलेली नाकारायला कुठे मनाई आहे, उलट आमचे पितर खूशच होतील, त्यातले दोघं माझ्याच उंचीचे होते. तो टीम लीडरकडे घेऊन गेला. टीम लीडर म्हणाला वीस हजार वाचतायत आणि तुम्ही सोडताय? मग सीट खाली करून देतो म्हणाला, मग कमी उंचीचं दुसरं मॉडेल दाखवलं, मग माझ्यापेक्षा बुटक्या एका गिऱ्हाइकाचा व्हिडिओ दाखवला, जो लडाखला जाऊन आला होता. मी म्हणलं लडाखला गेला असेल, आमच्या पार्किंगला आला होता का?

मग कॅशियर. कॅशियर म्हणाला पैसे घ्यायचे मी घेतो, द्यायचे अकाउंट्समध्ये. अकाउंट्स माळ्यावर. हे एक मी नोंद करून ठेवलंय, पैसे घेणारा काउंटर नेहमी दारात, एसीखाली, आणि परत देणारा टेबल लोखंडी जिना चढून, स्पेअर पार्टच्या खोक्यांच्या मागे, पंखा बंद. तिथे एक मॅडम बसलेल्या. त्यांनी मान वर न करता यादी सांगितली: ओरिजिनल पावती, आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक आणि कारणासह अर्ज. मी म्हणलं, मॅडम, पैसे घेताना तुम्ही माझं आडनावसुद्धा धड विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, 'हो ना, ते जुळत नाहीये, त्याचं पण एक लेटर द्या.'

अर्ज तिथेच लिहिला. 'मा. व्यवस्थापक साहेब, विषय: बुकिंगची रक्कम परत मिळणेबाबत.' शाळेत रजेचा अर्ज लिहायचो तसा, 'कृपा करून' वगैरे, माझेच पैसे आणि मीच कृपा मागतोय. कारण म्हणून लिहिलं, 'उंची कमी पडल्यामुळे.' मॅडमनी वाचलं, पहिल्यांदा मान वर केली, मला बघितलं, आणि म्हणाल्या, 'वैयक्तिक लिहा.'

चेक हा वेगळाच विषय. आजकाल भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत सगळे क्यूआरवाले, चेक कोण फाडतंय? घरी कपाट उपसलं. लग्नाचा अल्बम सापडला, हरवलेली गॅसची पावती सापडली, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक चेकबुक, त्यात एकच पान शिल्लक. देना बँकेचं. नाव बघून हसू आलं, घेणं मागायला चाललोय आणि चेक देनाचा. (बँकेचं नाव देवकरण नानजी यांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून झालंय, तिचा 'देने'शी काही संबंध नाही, हे मला माहितीय, तरी हसू आलं.) दोन तिरप्या रेघा मारल्या, मध्ये 'कॅन्सल्ड' लिहिलं, सोमवारी देऊन आलो. मॅडम म्हणाल्या, आठ-दहा दिवस.

आठ-दहा दिवसांनी आली २२ सप्टेंबर. जीएसटी उतरला आणि घटस्थापनापण त्याच दिवशी. शोरूममध्ये गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी. मॅडमना हाताला दोन फोन आणि तिसरा खांद्यावर. 'दसरा होऊ द्या सर.' दसऱ्याला गेलो, म्हणलं झाला ना दसरा. तर खाली झेंडूचे हार घातलेल्या गाड्या ओळीने उभ्या, प्रत्येक डिलिव्हरीला घंटा वाजवायची, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी जिन्यापाशी उभा, तर मलाही वाजवायला लावल्या. सतरा डिलिव्हरींना टाळ्या वाजवल्या मी, पेढेपण मिळाले. माझी गाडी ज्याला गेली असेल त्यालासुद्धा मीच टाळ्या वाजवल्या असतील. एका जोडप्याने मला मायलेज विचारलं, मी सांगितलं, देखभाल कशी करायची तेपण सांगितलं, आणि ते बुकिंग करायला गेलेसुद्धा. त्या गोड पोराने लांबून अंगठा दाखवला.

मग दिवाळी. मी आपला १८ ऑक्टोबरला ऑफिसमधून येता येता वर चढलो. मॅडम नवी साडी नेसून, टेबलावर लक्ष्मीचा फोटो. माझ्याकडे असं बघितलं की मी घरात चपला घालून आलोय. 'सर, आज धनत्रयोदशी. आज लक्ष्मी बाहेर काढतात का?' यावर काय बोलणार? मुद्दा बरोबरच होता. फक्त ती लक्ष्मी माझी होती. फराळाची प्लेट मिळाली, चकली खुसखुशीत होती, खाल्ली आणि उतरलो.

नोव्हेंबर उजाडला. तोपर्यंत शोरूमचा वॉचमन मला सलाम करायला लागला होता, चहावाला न विचारता बिनसाखरेचा आणून द्यायचा. घरी बायको विचारायची, 'आज ऑफिस का शोरूम?' एके दिवशी साहेब जागेवर नव्हते, मॅडम जेवायला गेल्या होत्या, आणि मी वेळ जावा म्हणून पावती उलटी करून वाचली. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही. घ्या! म्हणजे सव्वादोन महिने मी जे मागतोय ते मिळणारच नाहीये आणि हे कोणी मला सांगतही नाहीये, चहा मात्र पाजतायत.

तेव्हा मात्र सटकली. घरी येऊन १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उंचीचंसुद्धा, आणि तक्रार नोंदवून नंबर दिला. तो नंबर घेऊन मी मॅनेजरसमोर बसलो आणि त्यांना रात्रभर वाचलेलं सगळं एका दमात ऐकवलं, की २०१९च्या ग्राहक कायद्यात असल्या एकतर्फी अटींना अनुचित करार म्हणायची सोय आहे, की जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलपण लागत नाही, आणि मला वेळ भरपूर आहे हे तर तुम्ही बघताच आहात. शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात जास्त पटला असावा. 'अहो साहेब, एवढं कशाला, आजच करतो.' मी परत साहेब झालो. थंड पाणी आलं.

तो २१ नोव्हेंबर, शुक्रवार. सोमवारपर्यंत पैसे नाहीत. मंगळवारी मी हाफ डे टाकून गेलो, जिना दणादणा चढलो आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणलं हा काय खेळ लावलाय, अडीच महिने, सामान्य माणसाने कुठं जायचं, तुम्ही लोकं, वगैरे वगैरे. खाली शोरूममध्ये शांतता पसरली. गिऱ्हाइकं वर बघायला लागली, मला आणखी चेव आला, एक हात कठड्यावर ठेवून मी दोन-तीन वाक्यं तर खालच्यांसाठीच टाकली.

मॅडमनी सगळं बोलून होऊ दिलं. मग कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. शुक्रवारीच एनईएफटी केलेला. रिटर्न आलेला. आयएफएससी चुकीचा. मग ड्रॉवरमधून माझा चेक काढला, दोन बोटांत धरला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, 'सर, ही बँक आहे का अजून?'

देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. मला माहीत होतं की! बँकेनं पत्र पाठवलेलं, मेसेज पाठवलेले, माझा पगार दर महिन्याला नव्या खाते नंबरावर येतो, पासबुकावर बडोदा लिहिलंय. मी नसलेल्या बँकेचा चेक देऊन आलो होतो, आणि वरून त्यावर ठळक अक्षरात कॅन्सल्ड लिहिलं होतं. त्यांनी मला फोन करून सांगायला हवं होतं हे खरंच आहे, पण त्या क्षणी हा मुद्दा काढायची माझी हिंमत झाली नाही. खालचा जमाव अजून वर बघत होता. मी जिना उतरलो तो कडेकडेने.

संध्याकाळी पासबुकाची झेरॉक्स आणि अर्धा किलो आंबा बर्फी घेऊन परत गेलो. मॅडमनी बर्फी ठेवून घेतली.

२८ नोव्हेंबरला, शुक्रवारी, शहात्तराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. खात्यात ९,९९४ रुपये १० पैसे जमा. मी तीन वेळा वाचलं. शोरूमला फोन लावला, तर मॅडम म्हणाल्या, एनईएफटी दोनदा करावा लागला ना सर, एका वेळचे चार्जेस दोन पंच्याण्णव, म्हणून पाच नव्वद कापले.

बायको म्हणाली, 'सोडू नका. जा परत.' मी खरोखर किल्ली उचलली, खाली गेलो, अॅक्टिव्हाला लावली आणि निघालो, पण गल्लीच्या टोकापर्यंतच गेलो आणि दूध घेऊन परत आलो. ते लोखंडी कीचेन अजून किल्लीलाच आहे. ते परत करा असं अर्जात कुठं म्हटलेलं नव्हतं, मीपण विषय काढला नाही. आमच्या गल्लीत चार स्पीडब्रेकर आहेत, प्रत्येकावरून गाडी गेली की ते पुढच्या प्लास्टिकवर आपटतं. धड धड. धड धड.