हेरिटेज वॉक मे महिन्यात ठेवा

थंडी पडली की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रजांनी वसवलेल्या बंगल्यांच्या भागात, हेरिटेज वॉक सुरू होतात. रविवारी सकाळी झिरो माइलपाशी जमायचं, चार घोड्यांसोबत फोटो काढायचे, मग विधान भवन, हायकोर्ट, जीपीओ आणि शेवटी तर्री पोहे. माझी तक्रार नाही, पोह्यांबद्दल तर मुळीच नाही. पण राजेहो, हा वॉक चुकीच्या महिन्यात होतो. सिव्हिल लाइन्स पाहायचं असेल तर मे महिन्यात पाहा, तेही दुपारी दोनला.

१८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी. लाटसाहेब उन्हाळ्यात पचमढीला पळायचे, पण बाकीच्यांना इथेच भाजून निघावं लागे. सिव्हिल लाइन्सची सगळी आखणी त्या भाजण्यातून आली आहे. जुना बंगला नीट पाहा. भलंमोठं कंपाउंड, त्याच्या मधोमध घर, भोवती कडुनिंब आणि चिंच. पोर्च, मग खोल व्हरांडा, मग कुठे खोली. म्हणजे ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. भिंती हातभर जाड, वर कवेलू. छताला लागून तिरकी उघडणारी काचेची झडप आणि तिची दोरी खाली खिळ्याला गुंडाळलेली. गरम हवा वर चढते, तिला तिथून वाट मिळते. डिसेंबरच्या सकाळी ही झडप कोणाच्या नजरेत भरणार? तेव्हा सगळे नक्षीचे फोटो काढत असतात.

हायकोर्टाचंही तेच. ९ जानेवारी १९३७ ला पायाभरणी, १९४० मध्ये उद्घाटन, अंदाजित खर्च ७,३७,७४६ रुपये. वास्तुकार हेन्री मेड, दिल्लीचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन उभारणारा. त्यामुळे या इमारतीत नव्या दिल्लीचा थाट दिसतो. गाइड ‘दगडातली कविता’ म्हणतात आणि सगळ्यांच्या माना घुमटाकडे वळतात. मे महिन्यात घुमटाकडे बघायची शामत नाही, माणूस सावली शोधतो. तेव्हा कळतं, दगडाचा एक खांब दुपारी किती जणांना उभं करू शकतो.

झिरो माइलवरही एक सांगायचं राहतं. ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून टाळ्या घेणारे गाइड शेजारच्या जीटीएस (ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे) दगडावरून पटकन पुढे जातात. १९०७ चा तो दगड समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायचा सर्वेक्षणाचा संदर्भबिंदू आहे, १०२०.१७१ फूट. तीन दशांश स्थळांपर्यंत! मला तर हे मध्यबिंदूपेक्षा जास्त भारी वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त अशाच एका जुन्या इमारतीतल्या सरकारी ऑफिसात गेलो होतो. व्हरांडा अॅल्युमिनियम आणि काचा लावून बंद, आत फायलींची कपाटं. वरच्या झडपांत पुठ्ठे कोंबलेले. एसीचं पाणी बाहेरच्या नक्षीवरून ओघळतंय. आणि आत बसलेले साहेब म्हणतात, ‘ही जुनी बिल्डिंग फार तापते हो.’ तापणारच ना भाऊ, तिचं नाकच दाबून ठेवलंय! शेजारी नवी बांधतात तीही सगळी काचेची, आणि पश्चिमेकडे तोंड करून.

आणि सीताबर्डीच्या पलीकडे, महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत साहेब यायच्या आधीपासून चौक आणि ओसरी होतीच की. उन्हाशी कसं वागायचं हे नागपूरला कोणी विलायतेहून शिकवलेलं नाही. वॉकमध्ये महाल सहसा नसतो, कारण गाडी लावायला जागा नसते, असं कारण मिळतं.

तर कोणी आयोजक नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, असा वॉक ठेवायला तयार असेल तर कळवा. सिव्हिल लाइन्सपासून महालपर्यंत, दुपारी दोनला. दुपट्टा आणि पाण्याची बाटली आपापली आणा, खिशात ठेवायचे कांदे माझ्याकडून.