धामण ही नागाची मादी नव्हे

मामांचा फोन आला. "गोठ्यात धामण निघालीय, मारू का? तो संकराचा मेसेज वाचलास ना?" वाचला. व्हिडिओत दोन लांबलचक साप एकमेकांना पीळ घालून उभे आहेत आणि खाली मजकूर आहे: धामण ही नागाची मादी, त्यांच्या मिलनातून 'विषारी धामण' जन्मते, तिच्या विषावर लस चालत नाही, ती गाईचं दूध पिते, दिसली की ठेचा.

आधी व्हिडिओ. त्यात नाग नाहीच. ते धामणीचे दोन नर आहेत आणि ते भांडताहेत. एकमेकांना विळखे घालत, अर्धं अंग वर उचलून दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं, दमेल त्याने निघून जायचं. खरं मिलन जमिनीलगत, शेपटीकडचा भाग एकमेकांत गुंतवून होतं. लोक मात्र या कुस्तीलाच मिलन समजून वर पांढरं कापड टाकायला धावतात.

नागाची मादी नागीणच असते, तिलाही फणा असतो. धामणीतही नर-मादी दोन्ही असतात. नाग हा मण्यारीच्या कुळातला, धामण वेगळ्याच कुळातली. ही दोन कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. उलट, नाग संधी मिळाली तर इतर सापांनाही खातो.

सापांत संकर होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर जंगलात मोकाट वाढले. अशा सुमारे 400 अजगरांच्या डीएनएचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 13 जणांत भारतीय अजगराचा वारसा सापडला. पण हे दोन अजगर इतके जवळचे, की बरीच वर्षं एकाच जातीत धरले जायचे. नाग आणि धामण यांच्यात तसलं नातं शोधूनही सापडणार नाही.

मग 'फणावाली धामण' लोकांना दिसते कुठे? डिवचलेली धामण गळा फुगवते आणि घुमल्यासारखा आवाज काढते. पण तिचा गळा बाजूंनी दबून उभा फुगतो, नागाचा फणा आडवा पसरतो. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. एवढं पाहिलं तरी पुरे.

दुधाचं काय, सापाच्या तोंडाची रचनाच आचळ चोखण्याजोगी नाही. दातांची धार लागल्यावर गाय गप्प उभी राहील का?

सगळ्यात संताप येतो तो लसीच्या वाक्याचा. लस चालत नाही असं एकदा डोक्यात बसलं, की दंश झालेल्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात आणि हातातली वेळ जाते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर असते. मुंबईतल्या हाफकिनमध्येही ती तयार होते. एकाच जातीच्या विषात प्रदेशाप्रमाणे फरक पडतो आणि काही ठिकाणी लस कमी पडते, हे खरं आहे. त्याचा संकराशी काडीचा संबंध नाही. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही, डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात.

धामणीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मामांना सांगितलं, गोठ्यात उंदीर आहेत म्हणून ती आलीय. वाट मोकळी ठेवा, जाईल.