हुकूमशहा पारखून घ्या

निवडणुकांच्या कटकटीला कंटाळून देशाच्या विकासासाठी एखादा खमक्या हुकूमशहा घ्यायचं ठरवलंय? उत्तम. फक्त खरेदी जपून करा.

दुकानदार आधी सिंगापूरचे ली क्वान यू दाखवेल. माल चोख, वादच नाही. निवडणुकाही व्हायच्या, १९६८ ते १९८१ संसदेत विरोधक तेवढा नव्हता. मग दक्षिण कोरियाचे पार्क चुंग-ही निघतील: निर्यातीचं उद्दिष्ट गाठणाऱ्या कारखानदाराला स्वस्त कर्ज, न गाठणाऱ्याचा नळ बंद. इथेच पैसे मोजा आणि निघा. खालच्या फळीकडे बघू नका.

कारण तिथे ब्रह्मदेशाचे ने विन आहेत. एके काळी जगाला तांदूळ पुरवणारा देश त्यांनी १९६२ मध्ये ताब्यात घेतला. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदलून काही दिलं नाही. नव्या काढल्या त्या ४५ आणि ९० च्या. म्हणे साहेबांना नवाचा आकडा लाभतो. आता ९० ची नोट देऊन १७ ची भाजी घ्या आणि सुटे मोजत बसा. त्याच वर्षी तो देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत गेला.

कुणी लोकशाहीवाल्या बोट्स्वानाची भरभराट दाखवली, तर 'त्यांना हिरे सापडले' म्हणा. हिरे हुकूमशहा मोबुटूंच्या झाईरमध्येही (आजच्या काँगोमध्ये) होते, हे समोरच्याला आठवायच्या आत विषय बदला.

घरचं उदाहरण हवंच असेल, तर आणीबाणीतलं १९७५-७६ घ्या: वाढ ९ टक्क्यांच्या आसपास. पाऊस झकास झाला होता, हे मध्ये आणू नका. १९७६-७७ तर वगळाच. वाढ जेमतेम १ टक्क्यावर आली. गाड्या त्याही वर्षी वेळेवर धावत होत्या म्हणतात.

वजनकाटा दुकानदाराचाच असतो, त्याची सवय करून घ्या. लुइस मार्टिनेझ या अर्थतज्ज्ञाने सरकारी आकडे उपग्रहातून दिसणाऱ्या रात्रीच्या दिव्यांशी ताडून पाहिले, तेव्हा हुकूमशाही देश वार्षिक वाढ सुमारे ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात असा हिशेब निघाला. दिवे मालवायला कुणी सांगितलं होतं?

आणि हो, घेतलेला माल परत घेतला जात नाही. ने विन २६ वर्षं टिकले. मोबुटू ३२ वर्षांनी हलले, तेही बंडखोरांची फौज राजधानी किन्शासाच्या वेशीवर आली तेव्हा.