मृत्युपत्रात आपलं नाव आहे का, हे विचारायचं कुणाला?

तेरावं उरकलं की कुजबुज सुरू होते, 'अण्णांनी मृत्युपत्र केलंय म्हणे.' कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो गप्प. आणि चीड याची येते की त्याला गप्प बसता येतं! वकील सगळ्यांना समोर बसवून मृत्युपत्र वाचतो ते सिनेमात. नाव असलेल्यांना आपणहून कळवलंच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही.

मग माणूस दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे जातो. खिडकीवर पहिला प्रश्न: 'दस्त क्रमांक? वर्ष?' अहो, तेच शोधायला आलाय ना तो! नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७ स्पष्ट आहे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच. तो गेल्यावर अर्ज करील त्या कुणालाही. मृत्यूचा दाखला जोडा आणि मागा. मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात, त्यातला शोध कार्यालयानेच घ्यायचा असतो. 'तुम्हीच शोधून आणा' हे उत्तर ऐकून घेऊ नका. घरी बसून इंडेक्स टू धुंडाळण्यातही अर्थ नाही, ती पुस्तक क्रमांक १ ची, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या इतर दस्तांची सूची.

त्यात मृत्युपत्र कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. घर सांगलीला, नोंदणी लेकीकडे ठाण्यात! म्हणून जिथे जिथे मुक्काम होता तिथे लेखी अर्ज द्या, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते लिहा, पोच घ्या. बंद लखोट्यात ठेवलेलं असेल तर ते जिल्हा निबंधकाकडे, तिथेही विचारा. आणि एवढ्या खेट्यांनंतर 'आढळले नाही' आलं, तरी मृत्युपत्र नाहीच असं ठरत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा साधा कागदही चालतो.

शेतजमीन असेल तर आणखी घाई. तोच दडवलेला कागद तलाठ्याकडे जातो, फेरफार (सातबारावरचं नाव बदलण्याची नोंद) धरला जातो, हरकतीला १५ दिवस. नोटीस गावातल्या फळ्यावर, बहीण पुण्यात. तिला कळेपर्यंत नोंद प्रमाणित! दर आठवड्याला फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून त्यात आपला गट क्रमांक आहे का बघा.

कागद दाबून बसलेल्याला तो कोर्टात हजर करायला लावता येतो: भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम २६७, जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज. मात्र कागद त्याच्याच ताब्यात आहे हे दाखवावं लागतं. 'आहे माझ्याकडे, बघू नंतर' असा व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेजसुद्धा पुसू नका.